पक्याला, प्लेगबाईबद्दल

प्रिय पक्या,

स.न.वि.वि. लिहिणार होतो पण तू हसशील म्हणून राहू दे. एवढं लांबलचक लिहितोय कारण व्हॉइस चॅटवर तू मला दोन वाक्यं सलग बोलू देत नाहीस, आणि त्या रात्रीनंतर तर तू ऑनलाइन दिसलास की मीच गुपचूप ऑफलाइन होतो. तीन आठवडे झाले. डेड बाय डेलाइटचा गेम, चारजण जनरेटर चालू करून गेटमधून पळणारे आणि पाचवा त्यांना मारणारा किलर, त्यात गेट जवळपास उघडलं होतं, आपण दोघंच उरलो होतो, तू मधेच कारंज्यावर धुवायला गेलास, किलर म्हणून आलेल्या प्लेगबाईने तेच पाणी प्यायलं आणि आपल्या दोघांवर लाल ओकून गेटच्या तोंडाशी झोपवलं. आणि मी म्हणालो की तुझ्यापेक्षा बॉट बरे. ते मी बोललो हे मान्य आहे, पुढे येतो त्यावर.

मधल्या काळात मी सर्व्हायव्हर (म्हणजे पळणारा) खेळणं बंदच केलं. रोज रात्री डेड बाय डेलाइट लावायचं आणि फक्त प्लेगबाई घ्यायची. आधी राग होता खरं सांगायचं तर, म्हटलं बघूया तरी एवढं काय आहे हिच्यात. मार्च 2019 मध्ये आली ही गेममध्ये, मी तेव्हापासून हिच्यासमोर पळतोय पण एकदाही हिच्या बाजूने खेळलो नव्हतो.

पहिले चार-पाच गेम नुसता चिखल झाला. बटण दाबून ठेवायचं, पोटात भरतंय असा आवाज येतो, चाल मंदावते, मग सोडायचं आणि हिरवी धार. मला वाटायचं बंदूक आहे, तर मी माणसांवर नेम धरत बसायचो. अरे ती बंदूक नाहीच. ती सडा घालायची वस्तू आहे. जेनवर (जनरेटरवर) ओक, पॅलेटवर (वाटेत आडवी पाडायची ती फळी) ओक, खिडकीवर ओक आणि निघून जा. जो हात लावेल त्याला लागण, मीटर आपोआप भरत राहतो आणि भरला की माणूस जखमी आणि ब्रोकन, मग मेडकिट आणा नाहीतर दोघंजण बसून मलमपट्टी करा, काही होत नाही. चारही जणांना एक फटका न मारता जखमी करून टाकलंय असे गेम झाले माझे. आणि लपायचं म्हणशील तर लपणार कसा, पोटातून आवाज येतोय. एक ड्वाइट (सर्व्हायव्हरमधलं एक पात्र) कपाटात जाऊन बसला होता, मी शेजारून निघूनच गेलो असतो, पण आतून 'व्वॅक' असा आवाज आला. मी थांबलो. परत व्वॅक. मी हेडफोन काढून एकटाच हसलो आणि मग दार उघडलं. बिचारा.

पण खरी गंमत कारंज्यांची आहे. समोरून खेळताना आपल्याला कारंजं म्हणजे दवाखाना वाटतो. बाईच्या अंगातून बघितलं की कळतं तो दवाखाना नाही, दुकान आहे, आणि गिऱ्हाईक पैसे देऊन माझ्यासाठी माल ठेवून जातं. एकाने धुतलं की तो बरा होतो, पूर्ण बरा, जखम पण जाते, पण पाणी नासतं आणि ते मी प्यायले (बघ आता मी 'प्यायले' लिहायला लागलोय) की 60 सेकंद लाल उलटी. लाल म्हणजे लागण-बिगण नाही, थेट इजा, लांबून. बुटक्या भिंतीवरून, पॅलेटवरून धार पलीकडे जाते, त्यामुळे तू ज्या लूपवर (भिंत-पॅलेटभोवतीच्या फेऱ्यांवर) नाचतोस ना 'ये ना ये ना' करत, तो लूप त्या मिनिटात लूप राहतच नाही. फक्त उंच भिंती कामाच्या. म्हणून मी कारंज्यावर कोण वाकलंय हे लांबून दिसलं तरी सोडून द्यायचो. धू बाबा, नीट धू.

आणि सगळ्यात भारी गेम तेव्हा होतो जेव्हा एकजण धुतो आणि तिघं धुवत नाहीत. धुणारा एकटा ठणठणीत, त्याला दोन फटके लागतात. बाकीचे तिघं आधीच जखमी, त्यांना एकच धार पुरते, आणि ती धार त्या एकाने मला दिलेली असते. मग परत आडवा झालेल्याजवळ कोणी असेल तर माझ्या इन्फेक्शस फ्राइट या पर्कमुळे (किलरला जोडलेली खास शक्ती) आसपासचे किंचाळतात, एका दमात तीन किंकाळ्या ऐकल्यात मी, काय सांगू. म्हणजे एकतर सगळ्यांनी धुवू नका, नाहीतर सगळ्यांनी धुऊन मोकळे व्हा आणि मिनिटभर कुठेतरी मरा जाऊन. अर्धं अर्धं केलं की मेलात.

ज्यांनी शेवटपर्यंत धुतलंच नाही अशी एक टोळी मिळाली होती. चौघं हिरवे, चौघं ओकतायत, आणि एकही कारंज्याकडे बघायला तयार नाही. मग माझ्या हातात काय, ती फटका मारायची धूपदाणी. एका फटक्यात आडवे होतात हे खरं, पण त्या फटक्यासाठी गाठावं लागतं. बाई सेकंदाला 4.6 मीटर चालते आणि ते 4 पळतात, म्हणजे सेकंदाला 60 सेंटिमीटर कमावायचे आणि प्रत्येक पॅलेटला ते परत गमवायचे. त्यात बाई उंच, डोक्यावरचं ते सगळं भिंतीच्या वर तरंगत येतंय, ती लोकं मला यायच्या आधी बघतात. सुरुवातीला करप्ट इंटरव्हेन्शन या पर्कने लांबचे तीन जेन अडवलेले होते तेवढीच मजा, पहिला माणूस पडला की तेही सुटतं, मग हे चारजण पसरून बसले आणि पाच जेन करून निघून गेले. एकालाच मारू शकलो. गेटमधून जाताना एक क्लॉडेट वाकून ओकली आणि मग गेली. मुद्दाम केलं नसेल, पण मला मुद्दामच वाटलं.

(अजून एक, या बाईची गोष्ट वाचलीस का कधी? बॅबिलॉनच्या देवळात लहानपणी सोडलेली पोर, धूप लावायची, वरचे पुजारी रोगाने गेले तेव्हा हीच लोकांना आशीर्वाद द्यायला उभी राहिली आणि तोवर हिच्याच पायाची बोटं काळी पडलेली. म्हणजे बरं करायला निघालेली बाई आहे ती. मला ओकताना थोडं वाईट वाटायला लागलंय, पण थांबत नाही.)

आता त्या रात्रीचं. तुला माहितीये मी सगळे गेम रेकॉर्ड करून ठेवतो आणि कधी बघत नाही. गेल्या आठवड्यात बघितलं. तुझी चूक दाखवायची म्हणूनच उघडलं होतं, क्लिप कापून तुला पाठवायची होती.

तू तोवर स्वच्छ होतास पक्या. तिने तुला धूपदाणीने दोन फटके मारून पाडलं होतं, हिरवा थेंबसुद्धा तुझ्यावर नव्हता. मी मात्र त्याच्या आधी त्या चढावरच्या जेनवर बसलो होतो, अख्खं जेन हिरवं, स्क्रीनवर स्वच्छ दिसतंय, आणि रेकॉर्डिंगमध्ये माझाच आवाज आहे, 'थोडंच राहिलंय, करून टाकतो.' मग मी तुला हुकवरून (पाडलेल्याला ती टांगते त्यावरून) काढलं आणि भिंतीमागे बसवून मलमपट्टी केली. पूर्ण केली, प्रत्येक स्किल चेक (नेमक्या क्षणी बटण दाबायचं ते) भारी मारला, आणि तू 'थँक्यू रे' म्हणालास. तुझ्या अंगावर तो हिरवा चिकटा माझ्या हातानं चढलाय. मी थांबवून थांबवून बघितलं, तीनदा. तू उठलास, पंधरा-वीस पावलं पळालास आणि वाकून ओकलास, आणि तेव्हा मीच म्हणतोय, 'अरे तू कुठे खाल्लंस हिचं?'

थोड्या वेळाने मीटर भरला, तू परत जखमी. माझी मलमपट्टी गेली पाण्यात. मग तू धुवायला गेलास. साहजिक आहे, मी असतो तर मीही गेलो असतो. आणि अजून एक, बाकीचे दोघं मरायच्या आधी त्यातल्या एकाने पलीकडच्या कारंज्यावर धुतलेलं होतं, ते पाणी तिने प्यायलंच नव्हतं. म्हणजे तू धुतलं नसतंस तरी तिच्याकडे लाल होतंच. तिला थोडं लांब चालावं लागलं असतं एवढंच. मला हे तेव्हा कळलं नाही कारण मी तेव्हा तिच्या बाजूने कधी बघितलंच नव्हतं. आता मॅपवर कुठलं कारंजं नासलंय हे मी झोपेत पण मोजतो.

तर बॉटवालं वाक्य परत घेतो. क्लिप कापली आहे पण ती तुझी नाही, माझी आहे, जेनवर बसण्यापासून 'कुठे खाल्लंस' पर्यंत. पाठवतो. ग्रुपवर टाक हवं तर, मी काही बोलणार नाही. एखाद-दोन दिवस तरी नाही.

शनिवारी रात्री कस्टम (आपला आपला खाजगी गेम) लावतोय, बाकीच्यांना विचारलंय. एक गेम तू बाई घे आणि माझा माग काढ, मी धुणार नाही असं आत्ता म्हणतोय, बघू किती वेळ टिकतं ते. दुसऱ्यात मी बाई. मेडकिट आणू नकोस, टॉर्च आण.

तुझा,
बंड्या

ता.क. चढावरच्या जेनवर मी सगळ्यात आधी ओकणार आहे, आत्ताच सांगून ठेवतो.