बीलचा खजिना ही रचलेली गोष्टच

महोदय,
अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात थॉमस बील नावाच्या माणसाने पुरलेले सोने-चांदी खरेच आहे, असे मानणारे आजही भेटतात. ही कोणा हुशार लेखकाने रचलेली गोष्ट आहे, असे माझे ठाम मत आहे. सगळी हकीकत येते ती १८८५ मध्ये लिंचबर्ग येथे पन्नास सेंटांना विकलेल्या एकाच पुस्तिकेतून. तिच्यात आकड्यांची तीन कूटपत्रे आहेत. त्यांतले दुसरे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील शब्दांना क्रमांक देऊन प्रत्येक आकड्याच्या जागी त्या क्रमांकाच्या शब्दाचे पहिले अक्षर घेतले की सुटते. जागा सांगणारे पहिले मात्र अजून कोणालाच सुटलेले नाही.

संकेतलिपीचे अभ्यासक जिम गिलोग्ली यांनी १९८० मध्ये याच पहिल्या पत्राला तो जाहीरनामा लावून पाहिला. अर्थ काहीच लागला नाही, पण एका ठिकाणी ‘ए’पासून ‘पी’पर्यंतची अक्षरे जवळजवळ वर्णक्रमाने आली! योगायोगाने असे घडणे अशक्यप्राय आहे. जाहीरनामा समोर ठेवून कोणीतरी नुसते आकडे भरत गेले, हेच मला पटते. तिसऱ्या पत्रात म्हणे तीस जणांची नावे, पत्ते आणि वारस आहेत. आकडे मात्र ६१८. माणशी जेमतेम वीस अक्षरांत हे सगळे कसे मावणार?

या कागदांपायी लोकांनी बेडफोर्ड परगण्यात दुसऱ्यांच्या जमिनी खणल्या, पदरचा पैसा आणि उमेदीची वर्षे घालवली. म्हणून ‘न उलगडलेले रहस्य’ असा मथळा देणाऱ्यांनी हे आक्षेपही तेवढ्याच ठळकपणे छापावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा