फायरवॉलचा डीबग पाठ करून भागणार नाही

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परभणी, नांदेड, लातूर या भागातील बरीच मुले अभियांत्रिकी किंवा बीसीए पूर्ण झाल्यावर नेटवर्क सिक्युरिटीच्या प्रमाणपत्र परीक्षेला बसू लागली आहेत. मी काही वर्षे वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत नेटवर्कचे काम केले आणि आता परभणीत या मुलांना शिकवतो. त्यांच्या तयारीतली एक उणीव मला सतत खटकते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

या परीक्षांत फायरवॉलच्या (नेटवर्कमध्ये येणारे-जाणारे तपासून सोडणाऱ्या किंवा अडवणाऱ्या यंत्राच्या) डीबगमधल्या, म्हणजे त्याने टप्प्याटप्प्याने केलेल्या नोंदींतल्या, काही ओळी देऊन ‘पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) का अडले?’ असे विचारले जाते. आमची मुले अशा प्रश्नांचे संच मिळवतात आणि कोणती ओळ दिसली की कोणता पर्याय निवडायचा, हे पाठ करतात. प्रश्नपत्रिका पुन्हा पुन्हा सोडवण्याची सवय लातूर पॅटर्नमुळे आपल्याकडे रुजली आणि दहावी-बारावीला तिचा मोठा लाभ झाला, याबद्दल मला आदरच आहे. मात्र डीबगमधली एखादी ओळ सुटी काढून तिचा अर्थ लावता येत नाही, कारण तो वरच्या ओळींवर अवलंबून असतो.

फोर्टिगेट या फायरवॉलचे उदाहरण घेतो. त्याचा डीबग फ्लो म्हणजे एका पॅकेटचा पंचनामाच असतो. पॅकेट कोणत्या पोर्टवरून (यंत्राच्या जोडणीवरून) आत आले, प्रोटोकॉल म्हणजे संवादाची पद्धत कोणती (६ असेल तर टीसीपी, १७ असेल तर यूडीपी, १ असेल तर आयसीएमपी), नवे सेशन (दोन टोकांमधल्या संवादाची नोंद) तयार झाले की आधीचे सापडले, मार्ग कोणत्या पोर्टने निघाला, कोणत्या पॉलिसीने, म्हणजे नियमाने, सोडले किंवा अडवले आणि शेवटी पाठवणाऱ्याचा पत्ता बदलला का, हे सगळे याच क्रमाने नोंदले जाते. मार्गाची ओळ आली पण पॉलिसीत नकार मिळाला, तर दोष नियमांत शोधावा. मार्गाची ओळच आली नाही, तर नियमांची यादी चाळत बसण्यात अर्थ नाही.

‘पॉलिसी ० ने नाकारले’ ही ओळ तर जवळपास प्रत्येक मुलाला अडवते. ० क्रमांकाचा नियम कोणीही लिहिलेला नसतो. एकही नियम लागू झाला नाही तर शेवटी आपोआप मिळणारा तो नकार असतो. परंतु हेच ० आणखी एका ओळीत येते, ‘आयप्रोप इन चेक फेल्ड’ या ओळीत, आणि तिथे प्रकरण निराळे असते. ती ओळ फायरवॉलमधून पलीकडे जाणाऱ्या पॅकेटची नसते. ती खुद्द फायरवॉलच्याच पत्त्यावर आलेल्या पॅकेटची असते, आणि त्या पोर्टवर पिंग (यंत्र उत्तर देते का ही चाचणी) किंवा एसएसएच (दुरून यंत्र हाताळण्याची सोय) सुरू केलेले नसणे हे तिचे नेहमीचे कारण असते. दोन्हीकडे ० दिसते म्हणून दोन्हींना एकच उत्तर देणारी मुले मी दर तुकडीत पाहतो.

माझ्या नोकरीतला एक प्रसंग सांगतो. एका कार्यालयात इंटरनेटची दुसरी लाइन जोडली होती आणि बाहेरून त्या लाइनवर येणारे काहीच आत पोहोचत नव्हते. आम्ही दोन दिवस लाइन पुरवणाऱ्याला दोष देत राहिलो. अखेर डीबग लावला, तेव्हा ‘रिव्हर्स पाथ चेक फेल, ड्रॉप’ असे स्वच्छ लिहिलेले होते. दुसऱ्या लाइनच्या मार्गाला आम्ही जास्त डिस्टन्स (हा आकडा कमी असलेला मार्ग निवडला जातो) दिले होते, त्यामुळे तो राउटिंग टेबलमध्ये, म्हणजे वापरातल्या मार्गांच्या यादीत, आलाच नव्हता, आणि पाठवणाऱ्याकडे त्या पोर्टने परत जाण्याचा मार्ग दिसत नसल्याने फायरवॉल पॅकेट टाकून देत होता. दोन्ही मार्गांचे डिस्टन्स सारखे ठेवून प्रायॉरिटी (यादीतल्या मार्गांचा पसंतीक्रम) वेगळी केली आणि काम सुरू झाले. मी ती ओळ परीक्षेसाठी पाठ केलेली होती, तरीही ऐन वेळी डीबग लावावा हे मला सुचले नव्हते, याची खंत मला आजही आहे.

व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे संगणकातच चालणाऱ्या सॉफ्टवेअर फायरवॉलवर, सराव करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट कळत नाही. तिथे प्रत्येक पॅकेट डीबगमध्ये दिसते. खऱ्या यंत्रात मात्र जुळलेले सेशन पुष्कळदा स्वतंत्र चिपकडे सोपवले जाते आणि डीबगमध्ये सुरुवातीची मोजकीच पॅकेटे उमटतात. मग मुलांना वाटते की वाहतूकच थांबली. त्या पॉलिसीपुरते हे सोपवणे तात्पुरते बंद केल्याशिवाय पुढचे दिसत नाही. चालू यंत्रावर फिल्टर न लावता डीबग सुरू करणे आणि काम झाल्यावर तो बंद न करणे, या दोन चुकांनी प्रोसेसरवर विनाकारण भार पडतो, हेही पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

माझी मागणी मोठी नाही. मराठवाड्यातील विद्यापीठांनी आणि इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी प्रयोगशाळेत निदान एक खरा फायरवॉल ठेवावा. शिक्षकाने त्यात मुद्दाम बिघाड करावा, कधी मार्ग काढून टाकावा, कधी नियम खालीवर करावेत, आणि डीबगच्या ओळी वाचून कारण मराठीत चार वाक्यांत लिहून द्यायला मुलांना सांगावे. मी माझ्या वर्गात हे करतो. सुरुवातीला एका बिघाडाला अख्खा तास जातो, पण महिनाभरात तीच मुले ‘पॅकेट इथून बाहेर गेले आहे, उत्तर परत येत नाही, म्हणजे दोष पलीकडे आहे’ असे कारणासह सांगू लागतात. ज्या महाविद्यालयाला असा सराव सुरू करायचा असेल, तिथे आठवड्यातून एक दिवस विनामोबदला येऊन शिकवण्याची माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
एक नेटवर्क प्रशिक्षक, परभणी