समुद्रघोडा जाळीवर शोध

चि. सायलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सिडनीच्या चाउडर बेला पाण्यात उतरून समुद्रघोडा कुठे शोधायचा, असं विचारलंस. प्रवाळ शोधत लांब जाऊ नकोस. पोहणाऱ्यांसाठी शार्कपासून आडोसा म्हणून जी जाळी लावली आहे, तिच्यावरच बघ.

हा मासा पोहण्यात अगदी कच्चा. पाठीवरचा इवलासा पर भराभर हलवत जेमतेम पुढे सरकतो. त्याला पोट नसतं, म्हणजे जठरच नाही, त्यामुळे दिवसभर खावं लागतं. म्हणून शेपटीने कशाला तरी विळखा घालायचा आणि प्रवाहाबरोबर येणारे बारीक कोळंबीसारखे जीव नळीच्या तोंडाने ओढून घ्यायचे. त्याला धरायला काहीतरी हवं आणि त्या धरलेल्या वस्तूवर खाणंही वाढलेलं हवं. समुद्री गवत, स्पंज, मऊ प्रवाळ, शेवाळ धरलेली जाळी, काहीही चालतं. जाळी घासून लख्ख केली, की दोन्ही गेलं.

सिडनीकडचा समुद्रघोडा म्हणजे हिप्पोकॅम्पस व्हाइटी. बोटींच्या नांगराच्या साखळ्या तळावर गोल गोल घासतात आणि तेवढं गवत मुळासकट उपटलं जातं. उत्तरेला पोर्ट स्टीफन्समध्ये मऊ प्रवाळही झपाट्याने गेलं आणि त्याबरोबर हे समुद्रघोडेही घटले. तिथे 2018 मध्ये लोखंडी जाळीचे पिंजरे तळाशी ठेवले, जुन्या खेकड्यांच्या सापळ्यांवरून सुचलेले. काही महिन्यांत त्यांच्यावर शेवाळ, स्पंज चढले आणि समुद्रघोडे राहायला आले. लोखंड पुढे गंजून जातं, वाढलेलं तसंच उरतं. मला ही युक्ती फार आवडते.

आपल्याकडे तमिळनाडूच्या किनाऱ्याला मन्नारचं आखात, पाल्कचा उपसागर इथे गवताळ उथळ पाण्यात समुद्रघोडे सापडतात. 2001 पासून कायद्याने संरक्षित आहेत, तरी बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यात येतातच.

शोधताना डोकं शोधू नकोस. तो आजूबाजूचा रंग घेतो, त्यामुळे समोर असून दिसत नाही. दोरीला पडलेला शेपटीचा वेढा शोध, मग वर नजर ने. पायातले फिन हळू मार, गाळ उडाला की काही दिसणार नाही. हात लावायचा नाही, फ्लॅशही नको. एक सापडला, की जागा लक्षात ठेव. बहुधा पुढच्या वेळीही तिथेच असेल.

सिडनीकडे ऑक्टोबर ते एप्रिल त्यांच्या विणीचा हंगाम. खाली पिल्लांची पिशवी फुगलेला दिसला तर तो नर.

आजीला फोनवर सांगताना मात्र 'पाणघोडा' म्हणू नकोस. तो हिप्पो, ती घाबरेल.

तुझा,
बाबा