सर, एक सत्र भट्टीपाशी या!

महोदय,
शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतण्याच्या कारखान्यात, मी २२ वर्षं सुपरवायझर आहे. दर वर्षी इंजिनीअरिंगची पोरं 'इंडस्ट्रियल व्हिजिट'ला येतात. तासभर फेरी, चहा-बिस्कीट, गेटवर ग्रुप फोटो. गेल्या खेपेला नेमके त्याच दिवशी कास्टिंगमध्ये (साच्यात ओतलेल्या भागात) ब्लोहोल, म्हणजे वायूमुळे पडलेली छिद्रं, निघाले. एका मुलीनं कारण विचारलं. सरांनी पुस्तकातली सगळी कारणं धडाधड सांगितली. एकही चुकीचं नव्हतं. वाळूचे साचे करणाऱ्या आमच्या मोल्डरनं मूठभर वाळू उचलली, दाबली, गोळा मोडून पाहिला आणि म्हणाला, "ओल जास्त झालीया." सरांचा दोष नाही. एम.टेक. झाले ते थेट वर्गात उभे राहिले. भट्टीपाशी उभं राहा, असं त्यांना कुणी सांगितलंच नाही.

यूजीसीनं २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' आणले. १५ वर्षांचा अनुभव असलेला माणूस पदवीच्या अटीशिवाय शिकवू शकतो, पण मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंतच. उरलेल्या प्राध्यापकांचं काय? त्यांना दर पाच वर्षांनी एक सत्र पगारी रजेवर कारखान्यात पाठवा. मराठीच्या प्राध्यापकांनी भट्टीवर यावं, असं मी म्हणत नाही (आले तर आमच्या नोटिसा तरी शुद्ध होतील). तासिका तत्त्वावरच्या बिचाऱ्यांना मात्र आधी पूर्ण पगार द्या, मग अनुभव मागा.

आमच्याकडे जागा आहे. पहिली पाळी सकाळी सातला. चप्पल चालणार नाही.

— एक फाउंड्री सुपरवायझर, कोल्हापूर