मेलेला माड तोडलात, तर तिथे एक पेटी लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी व्यवसायाने सुतार. माशेलला माझे छोटे दुकान आहे. दारे-खिडक्या, देव्हारे, चवथीच्या आधी चौरंग आणि पाट, ही रोजची कामे. अलीकडे त्यात पक्ष्यांच्या पेट्यांची भर पडली आहे, कारण कुळागरवाले, म्हणजे माड-पोफळींच्या बागांचे मालक, दुकानात येऊन विचारू लागले. दरवर्षी २० मार्चला, जागतिक चिमणी दिनाला, शाळा-पंचायतींतून अशा पेट्या वाटल्या जातात आणि त्याचे फोटो आपल्याही दैनिकात येतात. वाटणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याबद्दल मला शंका नाही. पण मार्चमध्ये पक्ष्यांनी जागा हेरलेल्या असतात. पेटी लावायची ती आत्ता, दिवाळी आटोपल्यावर. फळीचा वास जाऊन ती उन्हावाऱ्यात मुरली, की फेब्रुवारी-मार्चमध्ये पक्षी तिच्याकडे वळतात.

पेटीची गरज चिमण्यांपुरती नाही. आपल्याकडे ढोलीत वीण करणारे पक्षी पुष्कळ आहेत आणि त्यांचे मोठे आश्रयस्थान म्हणजे मेलेला माड. सोंड्या भुंग्याने कोंब पोखरला किंवा वीज पडली, की माडाची शेंडी गळते आणि नुसते खोड उभे राहते. सोनपाठी सुतारपक्षी त्या खोडात भोक कोरतो, आपली पिल्ले वाढवतो आणि निघून जातो. मग त्या तयार खोलीत कधी पोपट येतो, कधी साळुंकी, कधी दयाळ, कधी पिंगळा, म्हणजे लहान घुबड. दयाळाची किंवा पिंगळ्याची चोच लाकूड कोरायची नाही. दुसऱ्याने करून ठेवलेली ढोली मिळाली तरच त्यांचा संसार मांडला जातो. खोड पडले की त्या एका खोडाबरोबर दोन-तीन जातींचे घर जाते.

१९८४च्या वृक्ष संरक्षण कायद्यातून २०१६ मध्ये माड वगळला गेला, तेव्हा गोव्यातले लोक पेटून उठले आणि २०१७ मध्ये माडाला ते संरक्षण परत मिळाले. जिवंत माडासाठी आपण भांडलो ते योग्यच केले. मेलेल्या माडाचा विचार मात्र कोणी करत नाही.

बागायतदाराची बाजूही मला माहीत आहे, कारण माझी निम्मी गिऱ्हाइके बागायतदारच आहेत. कुजत चाललेल्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो, त्याच्या अळ्या तिथेच पोसतात आणि तेच भुंगे पुढे शेजारच्या चांगल्या माडाचे कोंब खातात. खोड कधी विजेच्या तारांवर पडेल, कधी मांगरावर, म्हणजे बागेतल्या खोपीवर पडेल, याचाही नेम नसतो. म्हणून मेलेला माड काढून टाका, असे कृषी खात्याचे लोक सांगतात ते बरोबर आहे. सगळी सुकी खोडे तशीच उभी ठेवा, असा हट्ट मी धरणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की माड तोडायची वेळ बघा, आणि तोडलात तर त्याच जागेजवळ एक पेटी लावा.

वेळेचे असे आहे. पोपट जानेवारीपासून ढोलीत असतो, पिंगळा साधारण फेब्रुवारीपासून, दयाळ मार्च ते जुलै. म्हणजे चवथीनंतर ते नाताळच्या आत हा माड काढायला सगळ्यात बरा काळ. बहुतेक जण मात्र पावसाच्या भीतीने एप्रिल-मेमध्ये माडावर चढणाऱ्या पाडेल्याला बोलावतात, आणि नेमकी तेव्हाच आत पिल्ले असतात. कोयता लावण्याआधी खोडाकडे नीट बघावे. भोकाच्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या दिसतात, खाली विष्ठेचे पांढरे ओघळ असतात, खोडावर काठीने ठोकले तर आतले पाखरू डोके बाहेर काढते. असे दिसले तर पिल्ले उडून जाईपर्यंत थांबावे. तेवढ्या दिवसांत बागायतीचे काही बिघडत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात संरक्षित पक्ष्यांची अंडी फोडणे, घरटी विस्कटणे हे शिकारीच्या व्याख्येत येते, हेही पाडेल्याला कामावर लावणाऱ्याने लक्षात ठेवावे.

आता पेटीविषयी. बाजारात मिळणाऱ्या रंगीत पेट्या मी बऱ्याच उघडून बघितल्या आहेत. पातळ प्लायवूड, समोर बसायला दांडी, भोक उगाच मोठे आणि झाकण खिळ्यांनी कायमचे बंद. स्वस्तातले प्लायवूड आपल्या एका पावसाळ्यात सुटते, त्याच्या पापुद्र्यांत बुरशी धरते. दांडीची तर पक्ष्याला गरजच नसते. तिचा उपयोग होतो तो कावळ्याला आणि मांजराला. ती दांडी धरून मांजर पंजा आत घालते. अशी पेटी घरी आणली असेल तर निदान दांडी उपटून टाका.

चांगली पेटी सहा इंच रुंद, पाच फूट लांब अशा एका फळीत होते. जाडी दीड सेंटीमीटर असली की पुरे. यंत्रांच्या पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या चालतात, सुताराकडे आंब्याचे किंवा फणसाचे तुकडे पडलेले असतात तेही चालतात. पाठ ४५ सेंटीमीटर लांब कापायची, म्हणजे बांधायला वर-खाली जागा राहते. दोन्ही बाजू ४५ सेंटीमीटरच्या एकाच तुकड्यातून तिरप्या कापून निघतात, मागे २५ आणि पुढे २० सेंटीमीटर, त्यामुळे छपराला आपोआप उतार येतो. समोरची फळी २० सेंटीमीटर, छप्पर २१, तळ १२. पट्टी घेऊन बेरीज केलीत तर पाच फुटांत करवतीचे नुकसान धरूनही फळी उरते. खिळे आणि बाकीचे सामान पन्नास रुपयांच्या आत येते.

तळाचे चारही कोपरे जरासे छाटावेत, आत शिरलेले पाणी तिथून निथळते. छपराखाली बाजूच्या फळ्यांना दोन-दोन लहान भोके पाडावीत, नाहीतर एप्रिलच्या उन्हात आतली पिल्ले उकडून निघतात. छप्पर पुढे चार-पाच सेंटीमीटर आलेले असावे. ते खिळ्यांनी बंद करू नये. मागच्या बाजूला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ठोकली, की बिजागरीही होते आणि सांध्यातून पाणीही गळत नाही. पुढे एक आकडा लावावा. आतून रंग, व्हार्निश काही नको. बाहेरून जवसाच्या तेलाचा हात दिला तर फळी जास्त टिकते.

एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती विकतच्या पेटीत मी एकदाही पाहिली नाही. समोरच्या फळीची आतली बाजू रंधून गुळगुळीत करू नये. भोकाच्या खाली, आतून, पटाशीने बोटभर अंतरावर आडव्या खाचा माराव्यात. उडायच्या दिवशी पिल्लाला तळापासून भोकापर्यंत स्वतः चढायचे असते, आणि गुळगुळीत फळीवर त्याची नखे घसरतात. गेल्या उन्हाळ्यात सावईवेऱ्याला एका गिऱ्हाइकाच्या मांगराला लावलेल्या पेटीत दयाळ होता. आम्ही लांब पोफळींत उभे होतो. आतून खरवडल्याचा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. नर पंपाच्या खोलीवर शेपटी उभारून ओरडत होता, राखाडी मादी चोचीत नाकतोडा धरून समोरच्या केळीवर बसली होती, पण तो भरवायला जवळ जात नव्हती. शेवटी पिवळट कडांची चोच भोकात आली, मग ठिपक्याठिपक्यांची छाती, आणि पिल्लू तिरके उडून केळीच्या पानावर आदळले. मादीने तेव्हाच नाकतोडा त्याला दिला. नंतर पेटी उघडून बघितली, तर माझ्या खाचांच्या कडा नखांनी झिजलेल्या होत्या.

कोण राहायला येणार हे भोक ठरवते. चिमणीला ३२ मिलिमीटर पुरते. त्यात साळुंकी शिरू शकत नाही, म्हणून चिमणीसाठी लावायची तर एवढेच भोक पाडावे. प्लंबरकडे त्या मापाचा होल कटर मिळतो, नसेल तर गिरमिटाने भोके पाडून अर्धगोल कानशीने वाटोळे करता येते. दयाळाला पाच सेंटीमीटर लागते. त्यात साळुंकीही येईल, आणि आली तर येऊ द्यावी, तिलाही ढोली हवीच असते. तिच्या पेटीत चिंध्या, कागद, कधी सापाची कातसुद्धा सापडते, बघून घाबरू नये. पिंगळ्यासाठी पेटी मोठी, तळ वीस बाय वीस, उंची चाळीस आणि भोक सुमारे आठ सेंटीमीटर. बुलबुल, शिंजीर, शिंपी, सुगरण हे उघड्यावर किंवा पानांत घरटे करणारे, त्यांच्यासाठी पेटी लावून उपयोग नाही. मोलेच्या, म्हादईच्या रानातल्या धनेशाला तर जुन्या, जाड झाडाचीच ढोली लागते. ती झाडे राखणे हाच तिथला उपाय.

चिमण्या गोतावळ्याने राहणाऱ्या, त्यांच्या तीन-चार पेट्या शेजारी-शेजारी लावाव्यात. दयाळाचा नर आपल्या हद्दीत दुसरा नर सहन करत नाही, त्यामुळे त्याची कुळागरात एकच पेटी ठेवावी, फार तर दोन, तीही दोन टोकांना. उंची निदान दहा फूट. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून तोंड उत्तरेला किंवा पूर्वेला. जिवंत माडाला, पोफळीला खिळा मारू नये आणि तारही आवळू नये, सुंभाने बांधावी आणि दर वर्षी सैल करून पुन्हा बांधावी. मांगराची भिंत मिळाली तर ती सगळ्यात चांगली, माकडे तिथे कमी पोचतात. माडावरच लावायची तर उंदरांसाठी खोडाभोवती पत्र्याची पट्टी मारतात, ती पेटीच्या खाली असावी. मांजर आणि धामण दोघांनाही ती अडवते.

पेटीत कोणी आले, की तिकडे फिरकू नये. झाकण उघडून मोबाइलवर फोटो काढणे तर नकोच. साफसफाई वर्षातून एकदा, चवथीच्या साफसफाईबरोबर. जुने घरटे काढून टाकावे, उकळते पाणी ओतून पिसवा मारून टाकाव्यात आणि पेटी उन्हात सुकवावी. आणखी एक. चिमणीची, दयाळाची पिल्ले पहिल्या दिवसांत किडे-अळ्यांवर वाढतात. पेटी लावायची आणि शेजारच्या भाजीच्या वाफ्यावर दर आठवड्याला औषध फवारायचे, हे दोन्ही एकत्र चालत नाही.

उंदरांचा विषय निघालाच आहे म्हणून गव्हाणी घुबडाविषयी लिहितो. कोवळे नारळ उंदीर कसे पोखरतात हे बागायतदारांना सांगायला नको. मलेशियात तेलमाडांच्या बागांत उंदरांवर उपाय म्हणून गव्हाणी घुबडांसाठी मोठ्या पेट्या लावतात, आणि हे काम तिथे अनेक वर्षे चालू आहे. आपल्याकडे घुबड म्हटले की अपशकुन मानतात. मी पिंगळ्याची पेटी करून दिली, तर त्या घरातल्या आजींनी ती अंगणातून हलवून कुळागराच्या कडेला लावायला लावली. त्यांच्या मनाला बरे वाटले आणि पिंगळ्यालाही कडेची जागा मानवली, तेव्हा यात वाद घालण्यासारखे मला काही वाटत नाही. पण रात्रभर भुंगेरे आणि उंदीर खाणाऱ्या पक्ष्याला दगड मारून हाकलणे थांबायला हवे.

नारळ विकास मंडळाच्या पुनर्लागवड योजनेत जुने, रोगट माड काढायला अनुदान मिळते. कृषी संचालनालयाला आणि मंडळाला माझी विनंती आहे, की माड तोडल्याची पाहणी करताना तिथे पेटी लावली का, हेही बघावे, आणि अनुदानात पेटीचे शे-दीडशे रुपये धरावेत. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकणाऱ्या मुलांना सरावासाठी नाहीतरी सांधे ठोकायला देतातच, त्याच फळ्यांतून पेट्या करून घेता येतील. ज्या पंचायती मार्चमध्ये पेट्या वाटतात, त्यांनी यंदा त्या डिसेंबरपर्यंत वाटाव्यात आणि घ्यायच्या आधी दोनच गोष्टी तपासाव्यात: छप्पर उघडते का आणि दांडी नाही ना. वर दिलेल्या मापांचा आराखडा मी पुठ्ठ्यावर कापून दुकानात ठेवला आहे. ज्यांना हवा त्यांनी येऊन फळीवर आखून न्यावा, त्याचे पैसे नाहीत.

कळावे,
आपला एक वाचक,
माशेल, फोंडा