पगारपत्रक लिहिणाऱ्या ताईंना

नाशिक, ५ एप्रिल २०२६

आदरणीय ताई,

सा. न. वि. वि.

आज एप्रिलचा पहिला रविवार. तुम्ही घालून दिलेल्या शिरस्त्याप्रमाणे वर्षाचा हिशेब मिटवायला सकाळी बसलो आणि वहीची पाने उलटताना लक्षात आले की, गेल्या मंगळवारी नोकरी सोडून मला चार वर्षे पूर्ण झाली. या चार वर्षांत मी तुमचे नीट आभार मानलेले नाहीत. समोर बसून मानायला गेलो की तुम्ही "चहा घ्या, गार होतोय" म्हणून विषय बदलता, म्हणून हे पत्र लिहितो आहे. ते उघडपणे लिहितो आहे, कारण कारखान्यातील जी तरुण मुले आज भविष्य निर्वाह निधीचे अर्ज घेऊन माझ्याकडे येतात, त्यांना मी जे सांगतो ते मुळात कोणाचे आहे, हे त्यांना ठाऊक असले पाहिजे.

२००६ सालच्या मे महिन्यात मी लेखा विभागात तुमच्या टेबलापाशी फॉर्म ३१ घेऊन आलो होतो. धाकट्या बहिणीचे लग्न ठरले होते आणि निधीतून चाळीस हजारांची उचल हवी होती. नोकरीला सात वर्षे होऊन गेली असल्याने नियमाप्रमाणे ती मला मिळणारच होती, तुम्ही फक्त अर्ज पुढे पाठवायचा होता. पण तुम्ही मला बसायला सांगितलेत, पगारपत्रकाच्या छपाईतून उरलेल्या एका कागदाची कडेची छिद्रांची पट्टी हलक्या हाताने फाडलीत आणि मागच्या कोऱ्या बाजूवर चार आकडे एकाखाली एक मांडलेत : ४०,०००, ८०,०००, १,६०,०००, ३,२०,०००. व्याज साडेआठ टक्के, म्हणजे साधारण साडेआठ वर्षांत रक्कम दुप्पट, आणि बत्तिसाव्या वर्षापासून अठ्ठावन्नाव्यापर्यंत ती तीनदा दुप्पट होते. "लग्न व्हायलाच हवे," तुम्ही म्हणालात, "पण हे तीन लाख वीस हजार कशावर जाणार आहेत ते ठरवा आणि मग सही करा." मी अर्ज घरी परत नेला. साधे लग्न चालेल का, हे आम्ही बहिणीला तोवर विचारलेलेच नव्हते. विचारल्यावर तिला हायसे वाटले. शेवटी उचल पंधरा हजारांची घेतली. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. त्यावरची शाई फिकट झाली असली, तरी आकडे वाचता येतात.

त्या दिवसापासून माझे पैशाचे शिक्षण सुरू झाले, असे मी मानतो. एप्रिलमध्ये वेतनवाढ झाली की तिच्यातील निम्मी रक्कम ऐच्छिक भविष्य निर्वाह निधीत वळवायची आणि ती हातात येण्याआधीच वळवायची, हे तुम्ही शिकवलेत. घरात रोजमेळ ठेवायला लावलात. महिन्याच्या खर्चाला बाराने गुणून वर्षाचा खर्च निघत नाही. गाडीचे टायर, सोसायटीच्या इमारतीचा रंग, आईची दातांची कवळी, गावाकडच्या घराची पावसाळ्याआधीची कौले, असे वर्षा-दोन वर्षांतून एकदा येणारे खर्चच माणसाचा अंदाज चुकवतात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळे पान हवे, हा तुमचा आग्रह होता. आणि शिल्लक जुळली नाही तर फरक "किरकोळ"मध्ये ढकलायचा नाही, तो सापडेपर्यंत शोधायचा, ही तुमची शिस्त मला कारखान्यातील गुणवत्ता तपासणीच्या कामाइतकीच कडक वाटली आणि म्हणूनच आवडली.

एका बाबतीत मी तुमचे ऐकले नाही, हेही इथे प्रामाणिकपणे नोंदवतो. तुमचा विश्वास पोस्टावर आणि सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवर होता, तर मी २००७ मध्ये इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाबरोबर वरखाली होणाऱ्या फंडात, दरमहा पैसे भरायला सुरुवात केली. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्सने २१ हजारांचा आकडा पाहिला आणि मार्च २००९ मध्ये तो ८,१६० वर बंद झाला. त्या काळात हप्ता थांबवण्याचा अर्ज भरून मी तुमच्याकडे आलो, तेव्हा तुम्ही "मला यातले कळत नाही" असे सरळ सांगितलेत आणि एवढेच विचारलेत की, पैशाची गरज पडली आहे म्हणून थांबवता आहात की भीती वाटते म्हणून. भीती असेल तर महिनाभर थांबून मग ठरवा, असे म्हणालात. मी तो अर्ज दिलाच नाही. जे आपल्याला कळत नाही त्याबद्दल असा नेमका प्रश्न विचारणारा माणूस मला नंतर फारसा भेटला नाही. माझ्या मते शेअर बाजाराच्या बाबतीत तुम्ही गरजेपेक्षा जास्त सावध होतात. पण माझ्या धिटाईला तुमच्या सावधपणाचा आधार नसता, तर ती मार्च २००९ च्या पुढे टिकली नसती.

रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावरील मुदतपूर्व फेडीचा दंड बंद केल्यावर मी दर दिवाळीच्या बोनसमधून मुद्दल कमी करत गेलो आणि २०१७ मध्ये घर आमचे झाले. त्याच सुमारास लवकर निवृत्त होण्याचा विचार मनात पक्का झाला. तोवर तुमची निवृत्ती वर्षावर आली होती, पण माझे प्रश्न संपले नव्हते, म्हणून नंतर मी पंचवटीत तुमच्या घरी येऊ लागलो.

२०१९ च्या सप्टेंबरमधील ती संध्याकाळ मला स्पष्ट आठवते. वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट रक्कम साठली की माणूस मोकळा, असे मी वाचले होते आणि माझी रक्कम तिथे पोहोचली होती. राजीनामा लिहून खिशात घेऊन आलो होतो. हा आकडा आला कुठून, असे तुम्ही विचारलेत. विल्यम बेंगेन या अमेरिकी सल्लागारांनी १९९४ मध्ये तिथल्या शेअर आणि रोख्यांच्या जुन्या परताव्यांवरून तो मांडला, पहिल्या वर्षी साठ्याचे चार टक्के, म्हणजे पंचविसावा भाग, काढायचे आणि पुढे महागाईप्रमाणे वाढवत न्यायचे, म्हणजे पैसा तीस वर्षे पुरतो, असे मी सांगितले. तुम्ही विचारलेत, "तीस वर्षांनी तुम्ही किती वर्षांचे असाल?" मी म्हणालो, पंच्याहत्तर. "आणि तुमच्या आई आज किती वर्षांच्या आहेत?" आई त्या वेळी एक्याऐंशीची होती आणि स्वतःच्या हाताने भाकरी थापत होती. त्यानंतर वादाला जागाच उरली नाही. अमेरिकेतील महागाई निराळी, आपली निराळी, आणि माझ्यासमोर तीस नव्हे तर पंचेचाळीस वर्षे धरून चालायला हवे होते. तेहतीस पट करा आणि चार वर्षांचा खर्च बाजाराबाहेर ठेवा, मग या, असे तुम्ही म्हणालात. मी नाराज होऊन परतलो, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

पुढच्याच वर्षी २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंशांनी कोसळला. बाजार नंतर सावरला हे खरे, पण त्या दिवशी मी पगाराविना असतो तर सावरण्याची वाट पाहिली नसती. घाबरून विकून मोकळा झालो असतो आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा नोकरी शोधत फिरलो असतो. निवृत्तीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत बाजार पडला आणि त्याच वेळी घरखर्चासाठी विकावे लागले, तर पुढची सरासरी कितीही चांगली असो, ते भगदाड बुजत नाही. पुस्तकात वाचलेली ही गोष्ट मला त्या दिवशी पोटात कळली. २०२२ मध्ये वर्षाचा खर्च पाच लाख चाळीस हजार होता, त्याच्या तेहतीस पट म्हणजे एक कोटी अठ्ठ्याहत्तर लाख जमले होते, लेकीच्या शिक्षणाची रक्कम त्याबाहेर होती, आणि मग तुम्ही होकार दिलात.

आरोग्य विम्याविषयी मात्र मी तुमचा जन्मभर ऋणी राहीन. कंपनीचा सामूहिक विमा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो, आणि नवीन विमा घेताना आधीपासून असलेल्या आजारांना त्या वेळी चार वर्षांपर्यंत संरक्षण नाकारता येत असे. म्हणून निवृत्तीचा विचार पक्का झाला त्याच वर्षी, कंपनीचा विमा चालू असतानाच, तुम्ही आम्हा तिघांचा वेगळा विमा काढायला लावलात. दुहेरी हप्ता मला तेव्हा जड वाटला होता. २०२३ मध्ये पत्नीची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तो प्रतीक्षाकाळ उलटून गेला होता आणि आमच्या साठ्यातील एक रुपयाही मोडावा लागला नाही.

आता जे कोणी फारसे सांगत नाही त्याविषयी लिहितो. १ एप्रिल २०२२ ला मी मोकळा झालो, दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता, घरात पुरणपोळी झाली, सगळे आनंदात होते. सोमवारी पहाटे सव्वापाचला डोळे उघडले. दाढी करून, बूट घालून मी गॅलरीत उभा राहिलो आणि नाक्यावर कंपनीची बस आली, थांबली आणि गेली. मी बराच वेळ तिथेच उभा होतो. पुढचे कित्येक दिवस तसेच गेले. बँकेच्या अर्जात "व्यवसाय" या रकान्यापाशी पेन अडायचे. आई शेजारच्यांना "त्याची रजा शिल्लक होती" असे सांगायची, आणि ती माझी लाज झाकत होती की स्वतःची, हे मला कळत नव्हते. सगळ्यांत कठीण गेले ते पैसे काढणे. चोवीस वर्षे ज्या खात्यांत फक्त भरत आलो, त्यांतून काढताना चोरी केल्यासारखे वाटे; मे महिन्यात मी घरातला पंखा दुरुस्त करायचे टाळले आणि रात्रभर उकाड्यात जागा राहिलो. तेहतीस पट साठवलेल्या माणसाचे हे वागणे होते.

तुम्हाला ते पत्नीकडून समजले असावे. जूनच्या सात तारखेला तुम्ही आमच्या घरी आलात, पिशवीतून छिद्रांच्या पट्टीचा तसाच जुना कागद काढलात आणि माझ्या हातात पगारपत्रक ठेवलेत. वर तुमच्या वळणदार अक्षरात माझे नाव, महिना, एकूण जमा ४५,०००, आणि कपातीच्या रकान्यात विम्याचा आणि कराचा हिस्सा. "तुम्ही पगारपत्रकाशिवाय कधी राहिला नाहीत," तुम्ही म्हणालात, "तेव्हा दर सात तारखेला ठेवींतून घरखर्चाच्या खात्यात एवढे वळते करायचे. हा तुमचाच पगार आहे, चोवीस वर्षे उशिरा मिळणारा." ताई, त्या कागदाने जे झाले ते कोणत्याही तक्त्याने झाले नव्हते. दुसऱ्या दिवशी पंखा दुरुस्त झाला.

मग तुम्ही आठवडाभर तासांचा रोजमेळ लिहायला लावलात. त्यात निघाले की, मी दिवसाचे जवळपास चार तास फोनवर बाजारभाव पाहण्यात घालवत होतो. तेव्हापासून बाजाराकडे वर्षातून एकदा, आजच्या दिवशी, पाहतो. सातपूरच्या एका लहान वर्कशॉपमध्ये आठवड्यातून तीन सकाळी मुलांना मायक्रोमीटर, म्हणजे बारीक जाडी मोजायचे साधन, वाचायला शिकवतो. त्याच्या टोकाचा रॅचेट, म्हणजे फिरवायचा खटका, तीनदा टकटकेपर्यंतच फिरवायचा, त्यापुढे जोर लावला की माप खोटे येते, हे बोटांना समजायला त्यांना पंधरा दिवस लागतात, आणि ते समजलेले चेहऱ्यावर दिसते. त्याचे मी पैसे घेत नाही. बँकेच्या अर्जात आता "निवृत्त" लिहितो, आणि पेन अडत नाही.

गेल्या वर्षी आई गेली. शेवटचे चौदा महिने ती अंथरुणावर होती आणि त्यांतील प्रत्येक सकाळी तिला उठवून बसवायला मी घरी होतो. दुपारी तिला जुन्या गोष्टी आठवत, त्या ऐकायला मी होतो. पहिल्या पाळीला जाणाऱ्या मुलाला हे मिळाले नसते. तुमच्या त्या चार आकड्यांच्या कागदातून मला नेमके काय मिळाले, असे कोणी विचारले तर मी हे चौदा महिने सांगेन.

पन्नाशी उलटल्यावर भविष्य निर्वाह निधीसोबतचे निवृत्तिवेतन लगेच सुरू करण्याचा आग्रह अनेकांनी केला, पण अठ्ठावन्नच्या आधी घेतले तर प्रत्येक वर्षामागे चार टक्के घट होते आणि ती कायमची राहते, हे तुम्ही सांगितलेले लक्षात ठेवून अर्ज केलेला नाही.

यंदाचा खर्च सहा लाख बेचाळीस हजार झाला, तेव्हा पुढच्या सात तारखेपासून माझा पगार साडेत्रेपन्न हजार होईल. रोजमेळात ३४० रुपयांचा फरक येतो आहे. सकाळपासून तीनदा बेरीज केली, सापडलेला नाही, पण तो मी "किरकोळ"मध्ये टाकलेला नाही. येत्या रविवारी वही घेऊन येतो.

आपला कृतज्ञ,
तपासणी विभागातील तुमचा धाकटा भाऊ