बुडापेस्टच्या कागदावर जामीन कोण होता?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

'युक्रेनने अण्वस्त्रे दिली नसती तर रशियाच्या आक्रमणाची ही वेळ आली नसती' हे वाक्य वाचकांच्या पत्रांत वारंवार दिसते. त्याच्या पाठोपाठ 'म्हणून कोणत्याही देशाने ती कधीच सोडू नयेत' हा निष्कर्षही येतो. वाक्यामागची चीड माझीही आहे. निष्कर्ष मात्र मला पटत नाही, म्हणून अण्वस्त्रांच्या बदल्यात युक्रेनला बुडापेस्टमध्ये मिळालेल्या सुरक्षेच्या कागदाविषयी हे पत्र.

१९९१ साली सोव्हिएत संघ फुटला तेव्हा युक्रेनच्या भूमीवर सुमारे १,९०० सामरिक (लांब पल्ल्याची) अण्वस्त्रे आणि १७६ आंतरखंडीय क्षेपणास्त्रे राहिली. अमेरिका आणि रशियानंतरचा हा जगातला तिसरा मोठा साठा. पण डागण्याचे संकेत मॉस्कोच्या हाती होते आणि अस्त्रांची निगा राखणारी यंत्रणाही मुख्यतः रशियातच होती. १९९३ मध्ये युक्रेनमधली महागाई वर्षाला दहा हजार टक्क्यांच्या वर गेली होती. तशा अवस्थेत हा पांढरा हत्ती पोसायचा कसा? शिवाय चेर्नोबिलच्या अणुभट्टीतल्या १९८६ च्या स्फोटाची जखम ताजी होती. जुलै १९९० मध्ये, म्हणजे स्वतंत्र होण्याआधीच, तिथल्या संसदेने आपण अण्वस्त्रे स्वीकारणार नाही, बनवणार नाही आणि मिळवणारही नाही असे जाहीर केले होते. तेव्हा 'भोळेपणाने फसले' असे म्हणणे त्या लोकांवर अन्याय करणारे आहे. त्यांचा निर्णय विचारपूर्वक होता. खोट होती ती बदल्यात काय मिळाले त्यात.

ही खोट नीट पाहायला हवी. जानेवारी १९९४ मध्ये अमेरिका, रशिया आणि युक्रेन यांचे मॉस्कोत जे ठरले, त्यात पहिल्या दहा महिन्यांत किमान २०० अण्वस्त्रे रशियाकडे जाणार होती आणि त्याच काळात युक्रेनच्या अणुभट्ट्यांसाठी १०० टन इंधन येणार होते. किती द्यायचे, किती घ्यायचे, केव्हापर्यंत, सगळे लिहिलेले. हा व्यवहार पारही पडला. जून १९९६ पर्यंत शेवटचे अण्वस्त्र देशाबाहेर गेले. सुरक्षेची पाळी आली तेव्हा मात्र ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्टमध्ये जो कागद झाला, त्यात ना आकडा होता, ना मुदत, ना सैनिक. अमेरिकेचे क्लिंटन, रशियाचे येल्त्सिन, ब्रिटनचे मेजर आणि युक्रेनचे कुचमा यांनी त्यावर सह्या केल्या. सीमांचा आदर करू, बळ वापरणार नाही, असे वचन त्यात होते. ते मोडले तर काय? एकत्र बसून सल्लामसलत करायची. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे धाव घेण्याचे कलम होते, पण ते अण्वस्त्रांचा हल्ला किंवा तशी धमकी झाली तर. रणगाडे आले तर काय, याबद्दल कागद गप्प होता.

एका शब्दावर तर मी पुन्हा पुन्हा थांबतो. युक्रेनियन आणि रशियन मसुद्यांत 'हमी' असा शब्द आहे. इंग्रजी मसुद्यात त्यापेक्षा सौम्य, 'आश्वासन' या अर्थाचा. अमेरिकेने तो जाणूनबुजून निवडला, कारण हमी म्हटले की सैन्य पाठवण्याची जबाबदारी अंगावर येते. आपल्याकडे कर्जाला जामीन राहणाऱ्याला पक्के ठाऊक असते की हप्ते थकले तर बँक त्याच्या दारात येणार. बुडापेस्टमध्ये असा जामीन कोणीच नव्हता. उलट ज्याच्यापासून धोका, तोच राखणदारांच्या यादीत. २०१४ मध्ये युक्रेनचा क्रिमिया रशियाने घेतला, २०२२ मध्ये पूर्ण आक्रमण झाले, कुंपणानेच शेत खाल्ले. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरक्षा परिषदेत निषेधाचा ठराव आला. ११ मते बाजूने, तीन देश तटस्थ आणि एकट्या रशियाचा नकाराधिकार. ठराव तिथेच संपला.

याहून कडू गोष्ट वेगळीच आहे. १९९९ च्या करारानुसार युक्रेनने थकलेल्या गॅसबिलापोटी रशियाला अकरा बॉम्बफेकी विमाने आणि साडेपाचशेहून अधिक क्रूझ क्षेपणास्त्रे दिली. त्याच जातीच्या क्षेपणास्त्रांचे अवशेष पुढे युक्रेनच्या शहरांत सापडले. हे वाचून मला रात्री झोप लागली नव्हती.

तरीही अण्वस्त्रे सोडणे म्हणजे आत्मघात, असे मी म्हणणार नाही. दक्षिण आफ्रिकेने स्वतः बनवलेले सहा बॉम्ब मोडून टाकले, कोणाच्या हमीची वाट न पाहता, कारण अंगोलातून क्यूबाचे सैन्य निघाले होते आणि धोकाच ओसरत होता. दक्षिण कोरियाने १९७० च्या दशकात अमेरिकेच्या दबावाखाली आपला अण्वस्त्र कार्यक्रम थांबवला. पण त्या देशामागे १९५३ चा संरक्षण करार उभा आहे आणि आजही तिथे सुमारे २८,५०० अमेरिकी सैनिक आहेत. तिथे हल्ला झाला तर पहिल्याच दिवशी हमी देणाऱ्याचीही माणसे मरतील. शेजारच्या उत्तर कोरियाला हे ठाऊक आहे, आणि खरी हमी ती हीच.

बुडापेस्टचा शब्द मोडणाऱ्यांनी केवळ युक्रेनला दगा दिला नाही. उद्या एखाद्या देशाला 'अण्वस्त्रे सोड, आम्ही आहोत' असे सांगायला जाणाऱ्याच्या तोंडचा शब्दही त्यांनी काढून घेतला. लिबियाच्या गद्दाफींनी २००३ मध्ये अण्वस्त्र कार्यक्रम सोडला आणि २०११ मध्ये बंडात ते कसे मारले गेले, हे उत्तर कोरिया उघडपणे बोलून दाखवतो. गद्दाफी हुकूमशहा होते, त्यांच्याबद्दल मला हळहळ नाही. पण उत्तर कोरियाच्या राजधानीत, प्योंगयांगमध्ये, हिशेब त्यांच्या चारित्र्याचा होत नाही, त्यांच्या शेवटाचा होतो.

युद्ध थांबवण्याच्या वाटाघाटींत आता पुन्हा 'सुरक्षेची हमी' हे शब्द फिरू लागले आहेत. आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे की या बातम्या देताना तो शब्द तसाच छापून पुढे जाऊ नका. सैन्य कोणाचे, किती आणि किती दिवसांत येणार? कोणत्या देशांच्या संसदांनी त्याला मान्यता दिली आहे? निर्णय नकाराधिकाराच्या तावडीबाहेर आहे का? प्रत्येक बातमीत हे विचारा. अमेरिकी सिनेटपुढे बुडापेस्टचा कागद मंजुरीसाठी कधी गेलाच नव्हता, आणि १९९४ मध्ये हे प्रश्न पुरेशा मोठ्याने कोणी विचारले नव्हते.

आपला,
एक नियमित वाचक